हार्ट्स: गणिताने दोनदा हरवलेला आणि आठ हजार लोकांनी वाचवलेला क्लब

आजच्या भागात आकडे जरा जास्त आहेत. ऐकताना काही निसटलं असेल तर इथे सावकाश वाचा, बोट सरकवायची घाई नको.

स्कॉटलंडचं फुटबॉल म्हटलं की आपल्याला दोनच नावं आठवतात, सेल्टिक आणि रेंजर्स. दोन्ही क्लब ग्लासगोचे. आणि ते साहजिकच आहे, कारण १९८६ पासून २०२५ पर्यंत सलग ४० सीझन तिथली लीग या दोघांपैकीच कुणीतरी जिंकली. मला मात्र आज एडिनबराच्या एका क्लबबद्दल बोलायचंय. पूर्ण नाव हार्ट ऑफ मिडलोदियन, सगळे म्हणतात हार्ट्स. रंग मरून, मैदान टाइनकॅसल, वस्ती गॉर्गी.

२०१३ च्या उन्हाळ्यात हा क्लब बंद पडायच्या बेतात होता. त्याने शेवटची लीग जिंकली होती १९६० मध्ये. म्हणजे ज्याने तो विजय पोरवयात पाहिला, तो आता पेन्शनीत निघालेला. तरीही हजारो माणसांनी बँकेत जाऊन सांगितलं, दर महिन्याला माझ्या खात्यातून या क्लबसाठी पैसे कापा. देणगी म्हणून, परत मिळायची अपेक्षा न ठेवता.

का? जिंकणाऱ्या टीमच्या मागे लोक जातात हे समजतं. पण हरणाऱ्या टीमसाठी हप्ता भरायचा? याचं उत्तर शोधायला आपल्याला जरा मागे जावं लागेल.

आधी नावाचं बघू, कारण ते मजेशीर आहे. मिडलोदियन हा एडिनबराच्या आसपासचा प्रांत, आणि 'हार्ट ऑफ मिडलोदियन' म्हणजे मिडलोदियनचं काळीज. ऐकायला किती छान! पण हे नाव होतं एडिनबराच्या जुन्या तुरुंगाचं. लोकांनी त्याला तिरकसपणे दिलेलं. तो तुरुंग १८१७ मध्ये पाडला, आणि पुढच्याच वर्षी वॉल्टर स्कॉट यांनी त्याच नावाची कादंबरी लिहिली, त्यामुळे नाव टिकलं. आजही एडिनबराच्या रॉयल माइल रस्त्यावर, सेंट जाइल्स चर्चच्या बाहेर, फरशीत दगडांनी बनवलेलं एक बदामी हृदय आहे. जुना तुरुंग तिथेच होता. जाता-येता लोक त्यावर थुंकतात. आधी तुरुंगाचा राग म्हणून, आता नशीब चांगलं राहावं म्हणून. क्लबचं बोधचिन्ह त्या दगडी हृदयावरूनच घेतलंय. थोडक्यात, लोक ज्यावर थुंकतात ते चिन्ह हे छातीवर लावतात. पुढचा इतिहास बघता मला हे फारच समर्पक वाटतं.

क्लब सुरू झाला १८७४ मध्ये. पुढच्याच वर्षी शहरातल्या आयरिश कॅथलिक वस्तीतून हिबर्नियन उभा राहिला. हिब्स. तेव्हापासून एडिनबरात दोनच जाती, मरून आणि हिरवी. १८८६ मध्ये हार्ट्स टाइनकॅसलला आले ते आजतागायत तिथेच आहेत. १८९५ आणि १८९७ ला लीग जिंकली. हे सगळं मी भराभर सांगतोय, कारण मला १९१४ वर पोचायचंय.

ऑगस्ट १९१४. पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालेलं. हार्ट्सने सीझनची सुरुवात केली ती चॅम्पियन सेल्टिकला २-० हरवून. त्यानंतर एकामागून एक, लीगचे पहिले आठही सामने जिंकले. जॉन मॅकार्टनी मॅनेजर होते, टीम तरुण होती, आणि यंदा लीग आपलीच असं सगळ्या गॉर्गीला वाटत होतं.

पण बाहेर वातावरण तापलेलं. पोरं फ्रान्समध्ये मरतायत आणि हे धडधाकट गडी शनिवारी बॉल लाथाडतायत, आणि हजारो लोक ते बघतायत, अशी टीका वर्तमानपत्रांतून सुरू झाली. त्या काळी ब्रिटनमध्ये भित्र्या माणसाच्या हातात पांढरं पीस द्यायची पद्धत होती. आपण बांगड्या भरा म्हणतो, तसंच काहीसं. कुणीतरी पेपरला पत्र लिहून सुचवलं की या क्लबने आता 'मिडलोदियनची पांढरी पिसं' असं नाव घ्यावं.

त्याच सुमारास सर जॉर्ज मॅक्रे नावाचे एडिनबराचे एक माजी खासदार स्वतःची बटालियन उभी करत होते. २५ नोव्हेंबर १९१४ ला हार्ट्सच्या ११ खेळाडूंनी तिथे नाव नोंदवलं. सगळे मिळून १६ खेळाडू सैन्यात गेले. आणि ते एकटे गेले नाहीत. त्यांच्यामागे शेकडो समर्थक गेले. रेथ रोव्हर्स, फॉल्कर्क अशा दुसऱ्या क्लबांचे खेळाडू आले. हिब्सचे समर्थकही आले. शनिवारी ज्याला शिव्या घालायच्या त्याच्याच शेजारी रांगेत उभं राहायचं. काही दिवसांतच बटालियन भरली. कागदावर तिचं नाव १६ वी रॉयल स्कॉट्स, पण सगळे म्हणत मॅक्रेची बटालियन.

आता एक गंमत बघा, खरं तर गंमत म्हणवत नाही. भरती झाल्यावरही त्यांना लगेच फ्रान्सला पाठवलं नव्हतं. आठवडाभर कवायत, रात्रीचे लांब मार्च, आणि शनिवारी लीगचा सामना. पाय सोलवटलेले, झोप नाही, आणि समोरच्या टीमचे खेळाडू मात्र ताजेतवाने. सीझनचा बराच काळ हार्ट्स टेबलात वर होते. शेवटच्या काही आठवड्यांत ढेपाळले. सेल्टिक ६५ पॉइंट, हार्ट्स ६१. लीग गेली.

ती लीग कशामुळे गेली यावर वाद घालता येईल. पण माझं मत स्पष्ट आहे: दमलेली टीम हरली, आणि ती का दमली होती हे सगळ्यांना माहीत होतं.

१ जुलै १९१६. सोमच्या लढाईचा पहिला दिवस. ब्रिटिश सैन्याच्या इतिहासात एका दिवसात इतकी हानी पुन्हा कधी झाली नाही. १९ हजारांहून जास्त सैनिक त्या एका दिवशी मेले. मॅक्रेची बटालियन त्यात होती. हार्ट्सचे तीन खेळाडू त्या दिवशी गेले: डंकन करी, अर्नेस्ट एलिस आणि हॅरी वॉटी. आधीच्या वर्षी जेम्स स्पीडी लूच्या लढाईत पडला होता. टॉम ग्रेसी ल्युकेमियाने गेला होता, आजार माहीत झाल्यावरही तो सैन्यातून बाहेर पडला नव्हता. पुढे जेम्स बॉइड आणि जॉन ॲलन. एकूण सात. जे परतले त्यांतले काही पुन्हा कधीच खेळू शकले नाहीत. पॅडी क्रॉसन युद्धातून जिवंत आला, पण फुप्फुसं गॅसने खराब झालेली. १९३३ मध्ये तोही गेला.

एडिनबरात हेमार्केट नावाचा चौक आहे. तिथे १९२२ मध्ये क्लबने या खेळाडूंचं स्मारक बांधलं आणि ते शहराला दिलं. वर घड्याळ असलेला दगडी मनोरा. दर नोव्हेंबरमध्ये एका रविवारी मरून मफलर घातलेले लोक तिथे जमतात. बापाचं बोट धरून पोरं येतात. ट्रॅमच्या कामासाठी हे स्मारक मधे काढून ठेवलं होतं, २०१३ मध्ये पुन्हा जागेवर आणलं. तारखेकडे लक्ष द्या, नेमकं तेच वर्ष ज्यात क्लब मरायला टेकला होता.

आता थोडे सुखाचे दिवस. १९५० च्या दशकात टॉमी वॉकर मॅनेजर असताना हार्ट्स भन्नाट खेळत होते. १९५७-५८ च्या सीझनमध्ये ३४ सामन्यांत त्यांनी १३२ गोल केले आणि फक्त २९ खाल्ले. पुन्हा वाचा: १३२. सरासरी जवळजवळ चार गोल दर सामन्याला. त्या वर्षी लीग जिंकली, १९६० ला पुन्हा जिंकली. इथे सुख संपतं.

आता गणिताचा तास.

आयपीएलमध्ये दोन टीमचे पॉइंट सारखे झाले की आपण नेट रनरेट काढत बसतो. फुटबॉलमध्ये त्याजागी गोल मोजतात. पण कसे मोजायचे याचे दोन नियम. जुना नियम गोल ॲव्हरेजचा: केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. नवा नियम गोल डिफरन्सचा: केलेल्यांतून खाल्लेले वजा करायचे. ऐकायला सारखंच वाटतं, पण तसं नाही. समजा एका टीमने २ गोल केले आणि १ खाल्ला. भागाकार २, वजाबाकी १. दुसरीने ६ केले, ४ खाल्ले. भागाकार दीड, वजाबाकी २. भागाकारात पहिली वर, वजाबाकीत दुसरी वर. भागाकार चिवट बचावाला बक्षीस देतो, वजाबाकी बेधडक खेळणाऱ्याला.

२४ एप्रिल १९६५. लीगचा शेवटचा दिवस. टाइनकॅसलवर हार्ट्स विरुद्ध किल्मारनॉक. किल्मारनॉक हा छोट्या गावचा क्लब, त्यांनी लीग कधीच जिंकली नव्हती. हार्ट्स दोन पॉइंटने पुढे, आणि त्या काळी जिंकल्यावर दोनच पॉइंट मिळत. हार्ट्सने बरोबरी केली तरी चालणार होतं. एका गोलने हरले तरी चालणार होतं! फक्त ०-२ नको.

०-२ झालं. पहिल्या हाफमध्येच दोन्ही गोल.

दोघांचे ५० पॉइंट. मग भागाकार. किल्मारनॉक ६२ गोल केलेले, ३३ खाल्लेले: १.८७९. हार्ट्स ९० केलेले, ४९ खाल्लेले: १.८३७. फरक ०.०४२. हार्ट्सने २८ गोल जास्त केले होते, आणि लीग गेली दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या घरात. वजाबाकीचा नियम असता तर? हार्ट्स ४१, किल्मारनॉक २९. चर्चाच नको, हार्ट्स चॅम्पियन.

पुढे स्कॉटलंडने भागाकार सोडला आणि वजाबाकी घेतली. तुम्ही म्हणाल, चला, न्याय झाला. थांबा.

३ मे १९८६. पुन्हा शेवटचा दिवस. हार्ट्स लीगमध्ये सलग २७ सामने हरले नव्हते. डंडीच्या मैदानावर फक्त बरोबरी हवी होती. दुसरीकडे सेल्टिकला मोठा विजय हवा होता, आणि वर हार्ट्स हरायला हवे होते. सेल्टिकने हाफ टाइमपर्यंतच चार गोल ठोकले. तेव्हा मोबाइल नव्हते, पण स्टँडमध्ये ट्रान्झिस्टर होते. विचार करा, तुमची मॅच ०-० वर अडकलीये आणि शेजारचा माणूस कानाला रेडिओ लावून पांढराफटक पडलाय.

८३ व्या मिनिटापर्यंत ०-०. सात मिनिटं उरली. आणि अल्बर्ट किड नावाच्या बदली खेळाडूने गोल केला. त्या सीझनमध्ये त्याचा लीगमधला हा पहिलाच गोल. चार मिनिटांनी त्यानेच दुसरा केला. किड स्वतः सेल्टिकचा चाहता होता, हे वर मीठ. तिकडे सेल्टिक ५-० जिंकले.

दोघांचे ५० पॉइंट. आता वजाबाकी. सेल्टिक ६७ उणे ३८, म्हणजे २९. हार्ट्स ५९ उणे ३३, म्हणजे २६. लीग सेल्टिकची. आणि आता जुना भागाकार करून बघा, मोबाइलवर कॅल्क्युलेटर आहेच. सेल्टिक १.७६३. हार्ट्स १.७८८.

१९६५ ला वजाबाकी असती तर हार्ट्स. १९८६ ला भागाकार असता तर हार्ट्स. दोन्ही वेळा नेमका उलटा नियम लागू होता. मी बऱ्याच खेळांतले दुर्दैवी किस्से वाचलेत, पण इतका नेटका दुष्टपणा कुठे पाहिला नाही. १९८६ ला एका आठवड्याने स्कॉटिश कपची फायनलही होती. ॲबरडीनने ३-० हरवलं.

त्या पिढीतली मोठी माणसं डंडीच्या स्टँडमध्ये ढसाढसा रडली. आणि पुढच्या सीझनला पुन्हा आली. माझ्या मते २०१३ समजून घ्यायची किल्ली इथे आहे. जी माणसं १९८६ नंतरही आली, ती ट्रॉफीसाठी येत नव्हती.

आता पैशाकडे. क्लब कुणाचा, हा प्रश्न तोवर कुणी फारसा विचारत नव्हतं. मालक येतो, मालक जातो. १९९० मध्ये हार्ट्सचे मालक वॉलेस मर्सर यांनी चक्क हिब्स विकत घेऊन दोन्ही क्लब एक करायचा घाट घातला. शहरात एक मोठा क्लब, ग्लासगोला टक्कर, असा हिशेब. हिब्सचे समर्थक पेटून उठले, मोर्चे-सभा झाल्या, बेत बारगळला. कागदावर योजना बरोबरही असेल. पण शेजाऱ्याचं घर विकत घेऊन पाडायचं आणि म्हणायचं आता अंगण मोठं झालं, हे कोण ऐकून घेईल?

२००४ मध्ये कर्जापायी टाइनकॅसलच विकायची वेळ आली. तेव्हा लिथुआनियाहून व्लादिमिर रोमानोव्ह आले. बँकवाले, पैसेवाले. मैदान वाचलं. २००५-०६ ची सुरुवात तर अशी की पहिले आठही सामने जिंकले, थेट १९१४ ची बरोबरी. टीम अपराजित, टेबलात पहिली, आणि ऑक्टोबरमध्ये मॅनेजर जॉर्ज बर्ली बाहेर! त्यानंतर मॅनेजर येत-जात राहिले. कप मिळाले, हे मान्य. २००६ ला एक, आणि २०१२ ला तर फायनलमध्ये हिब्सला ५-१. एडिनबरात हा आकडा अजून भिंतींवर दिसेल. पण पैसा क्लबचा नव्हता, कर्जाचा होता. २०१३ च्या सुरुवातीला रोमानोव्ह यांची बँक कोसळली आणि जूनमध्ये क्लब प्रशासकांच्या हाती गेला.

हे प्रशासक प्रकरण थोडं समजून घ्या. ब्रिटनमध्ये कंपनी देणी देऊ शकत नसली की एक त्रयस्थ जाणकार तिचा ताबा घेतो. त्याचं काम खर्च कापायचा आणि गिऱ्हाईक शोधायचं. नाही मिळालं तर सामान विकून देणेकऱ्यांना वाटायचं. क्लबच्या बाबतीत सामान म्हणजे काय? मैदानाची जमीन. म्हणजे टाइनकॅसलवर फ्लॅट. त्यातून लीगने शिक्षा म्हणून १५ पॉइंट कापले. सीझन सुरू झाला तोच उणे १५ वर. नवे खेळाडू घ्यायला बंदी. मग अकॅडमीतली कोवळी पोरं मैदानात उतरली. सीझनअखेर टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली.

दरम्यान 'फाउंडेशन ऑफ हार्ट्स' ही समर्थकांची संस्था कामाला लागली होती. महिन्याला दहा पौंडांपासून पुढे, तेव्हाच्या भावाने हजार रुपयांच्या आसपास. हळूहळू आठ हजारांच्या वर लोक झाले. पण अडचण अशी की मासिक हप्ते हळूहळू जमतात, आणि देणेकऱ्यांना पैसे लगेच हवे असतात. इथे ॲन बज आल्या. एडिनबराच्या आयटी उद्योजिका. त्यांनी २५ लाख पौंड पुढे केले, क्लब ताब्यात घेतला, आणि ठरलं असं की समर्थकांनी हप्त्यांतून ते फेडायचे आणि मग शेअर त्यांच्या नावावर करायचे. घरासाठी गृहकर्ज घेतो ना, तसंच. फरक एवढाच की घर आठ हजार जणांचं.

२०१५ ला टीम वर आली, ९१ पॉइंटसह, हिब्स आणि रेंजर्सना मागे टाकून. २०२० ला पुन्हा खाली गेली, आणि तीही कशी? कोविडमुळे आठ सामने बाकी असताना सीझन थांबवला आणि सरासरी पॉइंटवर निकाल लावला. शेवटून पहिले हार्ट्स, चार पॉइंटने मागे. पुन्हा भागाकार! बिचाऱ्यांनी कोर्टाची पायरीही चढून बघितली, उपयोग झाला नाही. स्टेडियम रिकामी, टीम खालच्या डिव्हिजनमध्ये, लोकांच्या नोकऱ्यांचा भरवसा नाही, तरी हप्ते मात्र चालू राहिले.

३० ऑगस्ट २०२१ ला क्लबचे ७५ टक्क्यांहून थोडे जास्त शेअर फाउंडेशनच्या नावावर झाले. समर्थकांच्या मालकीचा ब्रिटनमधला सर्वांत मोठा क्लब. कारभार आपल्या सहकारी सोसायटीसारखा: एक सभासद, एक मत. महिन्याला दहा पौंड देणारा आणि शंभर देणारा, दोघांचं मत एकच. सोसायटीची वार्षिक सभा तुम्ही कधी पाहिली असेल, तर यात किती डोकेदुखी असते ते मी सांगायला नको.

आणि ही डोकेदुखी लवकरच समोर आली. फक्त समर्थकांच्या हप्त्यांवर सेल्टिकशी टक्कर कशी द्यायची? त्यांचं स्टेडियम ६० हजारांचं, टाइनकॅसल २० हजारांचं. २०२५ मध्ये ब्रायटन क्लबचे मालक टोनी ब्लूम यांनी ९८.६ लाख पौंड देऊ केले. बदल्यात २९ टक्के शेअर. १९९० चा आणि २००५ चा अनुभव असलेल्या लोकांना श्रीमंत माणूस दारात आला की धडकी भरणारच. पण अट बघा: या शेअरना मताचा अधिकार नाही. पैसा आत, पण कळीचा निर्णय बाहेर नाही. सभासदांनी मतदान केलं आणि प्रचंड बहुमताने होकार दिला.

मला वैयक्तिक थोडी धाकधूक वाटते, कारण ज्याचा पैसा त्याचा आवाज आज ना उद्या मोठा होतोच, शेअरवर काहीही लिहिलेलं असो. पण माझं मत तिथे चालत नाही. ते चालतं फक्त दहा पौंड भरणाऱ्यांचं.

बाकी तुम्हाला कुठल्या क्लबचा इतिहास ऐकायचाय ते कळवा. आणि १९६५ चा तो भागाकार एकदा स्वतः करून बघाच. भेटू पुढच्या भागात.